न मागितलेला निरोप

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष हिंमतराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या प्रांतिक असेंब्लीचे सभासद वाहेदखानसाहेब, आठ दिवस जिवाचं रान करून हा समारंभ उभा करणारे स्वागत समितीचे चिटणीस उत्तमराव, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या खुर्शीदाभाभी आणि इतर माताभगिनी, आणि बुलढाण्यातल्या व आसपासच्या गावांहून आलेल्या माझ्या बंधूंनो,

शेवटचा वक्ता म्हणून मला उभं केलं आहे. अध्यक्षांनी आत्ताच चिठ्ठी सरकवली: ‘वामनराव, थोडक्यात.’ अध्यक्षमहाराज, आपण मला कोर्टात इतकी वर्षं पाहता. थोडक्यात बोलता आलं असतं तर मी वकिली कशाला केली असती? खुर्चीवर बसून निकाल दिले असते.

मला विषय दिला आहे खाँसाहेबांच्या सभासदत्वाचा. विषय चांगला आहे, कारण तो सांगायचा तर आपल्या वऱ्हाडाचीच कथा सांगावी लागते. आमच्या तरुणपणी नागपूरला कौन्सिल सुरू झालं. मध्यप्रांताचे लोक निवडून यायचे आणि थेट जाऊन बसायचे. आपले वऱ्हाडचे लोकही निवडून यायचे, पण त्यांना लगेच बसता येत नसे. गव्हर्नरसाहेब कागद काढायचे की अमुक अमुक गृहस्थांना आम्ही नेमलं आहे. मग ते सभासद. काऊन, असं आमचे पक्षकार विचारायचे. तर वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, इंग्रजांनी फक्त कारभाराला घेतलेलं! मतं आपण द्यायची आणि नेमणूक साहेबानं करायची. वरात दारात आल्यावर मुलगी पसंत असल्याचा निरोप यावा, तसला तो प्रकार होता. आम्ही त्यावर पुष्कळ हसलो. आज त्याच कागदाचा आधार घेऊन सरहद्दीपलीकडच्या निजामाच्या मुलखातून आरोळ्या ऐकू येतात की वऱ्हाड आमचं आहे, आणि आता कुणी हसत नाही.

मतदारसंघांचंही तसंच. चिखली आणि मेहकर एकत्र बांधले, मलकापूर निराळं काढलं, मागाहून पुन्हा रेघा पुसल्या, पुन्हा ओढल्या. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का? या जिल्ह्याचे नकाशे दोन होते. हिंदू मतदारांसाठी जिल्ह्याचे तुकडे पाडलेले, आणि मुसलमान मतदारांसाठी अख्खा मुलूख एकच. त्यामुळं आमच्या सभासदाला दोन तालुके फिरले की झालं. खाँसाहेबांना मात्र धामणगाव बढ्यापासून साखरखेर्ड्यापर्यंत बैलांच्या दमणीतून हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. एकदा मी म्हटलं, ‘खाँसाहेब, एवढ्या मुलखात तुमचे मतदार मूठभर.’ तर म्हणाले, ‘मतदार मूठभर हायेत वामनराव, पर चहा प्यायचा आग्रो करनारे लय हायेत. पोटाची वाट लागली माझ्या.’

समोर उकंडराव बसले आहेत, धामणगावचे. लाजू नका उकंडराव, तुमची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गावच्या विहिरीचा अर्ज घेऊन हे सरहद्दीजवळच्या धाड गावी खाँसाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसले. खाँसाहेब म्हणाले, बाबा, मी तुझा मेंबर नाही, तुझा मेंबर निराळा. उकंडराव काय म्हणाले? ‘मले काय करा लागते तुम्ही कोनाचे मेंबर हा तं? तुम्ही घरी सापडता, थो सापडत नाही.’ आणि ओसरीवरून हलले नाहीत. शेवटी अर्ज नागपूरला गेला. तिथं कुणीतरी हटकलं की हा अर्ज तुमच्याकडे कसा. खाँसाहेबांनी उत्तर दिलं की अर्जदार माझ्या ओसरीवर जेवतो आहे, विहीर मिळाली तरच तो घरी जाईल. विहीर मिळाली. टाळ्या वाजवा, वाजवा. एवढ्या हळू नका वाजवू.

आता मी सगळं गोडच बोललो तर उत्तमराव म्हणतील वकिलानं बाजू घेतली. म्हणून हेही सांगतो. गेल्या साली खाँसाहेब लीगच्या तिकिटावर उभे राहिले. मला ते मुळीच आवडलं नाही. मी तोंडावर सांगितलं, आणि मग कित्येक महिने आमचं बोलणं बंद होतं. ते म्हणाले होते, मी नाही घेतलं तर दुसरा घेईल आणि तो तुमच्याशी भांडायलासुद्धा येणार नाही. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आणि मागच्या रांगांत सरहद्दीपलीकडून आलेली मंडळी बसली आहेत, त्यांनाही मी पाहतो आहे. त्यांची घरं निजामाच्या रझाकारांनी जाळली. अंगावरच्या कपड्यानिशी ती धाडला आली. त्यांचा राग मी खोटा म्हणणार नाही. माझ्या बहिणीचं घरही पलीकडं, भोकरदनकडे आहे, आणि पंधरवडा झाला तिचं पत्र नाही.

पण मंडळी, आज दुपारी जे घडलं ते मी या सभेपुढं ठेवलं नाही तर मला झोप लागणार नाही.

पाहुण्यांना घेऊन येण्याचं काम माझ्याकडे होतं. मी धाडहून खाँसाहेबांना आणि भाभींना दमणीत घेऊन आलो. वाटेत मेंढ्या, कपाशी, हवापाणी, सगळ्यांवर बोलणं झालं. या हॉलच्या दाराशी उतरलो. दारावर लाल कापडावर उत्तमरावांनी सुंदर अक्षरात लिहून घेतलंय, ‘निरोप समारंभ’. खाँसाहेबांनी ते वाचलं. आणि मला विचारलं, ‘काऊन हो वामनराव, कोन चाल्लं?’

मला वाटलं, थट्टा करताहेत. गंभीर चेहऱ्यानं थट्टा करण्याची यांची जुनी सवय. मी हसलो. मग भाभींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘भाईसाब, हमकू तो सत्कार बोले थे. घरी तं हे हरबऱ्यासाठी वावर तयार करून राह्यले.’ आणि मग माझं हसू तिथंच राहिलं.

मी आत आलो. उत्तमरावांना बाजूला घेऊन विचारलं, खाँसाहेब हैदराबादला चालले हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, ‘सारं गाव म्हनते.’ गाव म्हणजे कोण? त्यांना वाटलं अध्यक्षांनी विचारलं असेल. अध्यक्षांना वाटलं स्वागत समितीनं विचारलं असेल. ज्यांनी हार केले त्यांना वाटलं, पत्रिका छापल्या म्हणजे पक्कंच असणार. एवढा मोठा समारंभ, आणि ज्याला निरोप द्यायचा त्याला ‘तुम्ही जाताय का’ हे विचारायचं तेवढं राहून गेलं!

बातमी आली कुठून? मी वकील आहे, उलटा चालत गेलो. दिल्लीच्या घटना समितीनं ठरवलं की वेगळे मतदारसंघ बंद. जागा राखीव राहतील म्हणे, पण मतं सगळे मिळून देतील. वर्तमानपत्रात एवढंच होतं. धाडच्या बाजारात त्याचं झालं, खाँसाहेबाचा मतदारसंघ गेला. आमच्या वकिलांच्या खोलीत त्याचं झालं, खाँसाहेबांचं इथलं काम संपलं. मलकापूरला पोचेपर्यंत खाँसाहेबच गेले. कुणी म्हणालं, मी सामान बांधताना पाहिलं. सामान कसलं, भाभींनी दिवाळीआधी रजया उन्हात टाकल्या होत्या!

इथवर असतं तर मी म्हटलं असतं, गैरसमज झाला, फलक उतरवा, पेढे वाटा. पण मंडळी, बाहेर एक लॉरी उभी आहे. पाहुण्यांना हैदराबादच्या गाडीवर सोडायला म्हणून सोय केली आहे, असं मला सांगण्यात आलं. हैदराबादची गाडी धरायची तर लॉरी मलकापूरच्या रस्त्याला लागायला हवी. तिचं तोंड धाडकडे आहे, सरहद्दीकडे. सामान चढवायला दहा-बारा पोरं आली आहेत. त्यांच्याजवळ दोर नाहीत. काठ्या आहेत. त्यातला एकही चेहरा माझ्या ओळखीचा नाही, आणि मी या गावात जन्म काढला आहे.

आज माझ्याआधी तिघे बोलले. तिघांनीही खाँसाहेब फार चांगले होते असं सांगितलं. माणूस समोर खुर्चीवर बसला आहे, चहा पितो आहे, आणि आपण शोकसभेत बोलावं तसं बोलतो आहोत. मला त्याची भीती वाटली.

मी खाँसाहेबांना आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. मनात असतं तरी देता आलं नसतं. त्यांची पेटी निराळ्या खोलीत असायची. या हॉलमधल्या बहुतेकांचं तेच आहे. ज्यांच्या ओसरीवर आपण जेवलो, ज्यांच्याकडून अर्ज लिहून घेतले, त्यांना हो किंवा नाही म्हणायचा प्रसंग आपल्यावर कधी आलाच नाही. आता कायद्यानं तो येणार आहे. मग मी म्हणतो, आजच का नको? ज्यांना वाटतं की वाहेदखानसाहेबांनी धाडला आपल्या घरी राहावं, आपला हरभरा पेरावा, आणि संध्याकाळी माझ्या दमणीतून परत जावं, त्यांनी हात वर करावा.

अध्यक्षमहाराज, हे कार्यक्रमपत्रिकेत नाही, मला माहीत आहे. लॉरीही पत्रिकेत नव्हती.

उकंडराव, तुमचा हात दिसला. चिकाच्या वरून बायकांचे हात आले आहेत, ते सगळे भाभींच्या शेजारणींचे असतील तरी मी धरतो. रामराव मास्तर, अर्ध्यावर आणून डोकं खाजवू नका, हा वर्ग नव्हे. पलीकडून आलेल्या मंडळींत त्या म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला आहे. बाई, तुमचं घर जळलं, तुम्ही केला नसता तरी मी काही म्हटलं नसतं. डावीकडच्या रांगा मला दिसतात. हाताची घडी घालून बसलेले लोक मला सगळे नावानिशी ठाऊक आहेत. उत्तमराव, इकडं बघा. निदान माझ्याकडं बघून नाही म्हणा.

खाँसाहेब, तुम्ही उठू नका. तुम्ही उठलात तर हे सगळे सुटतील, म्हणतील आपल्या पायांनी गेले. बसून राहा. आणि निरोपाची म्हणून आणलेली ती शाल माझ्या हातून तुमच्या खांद्यावर पडणार नाही.

आता आभाराचं काम राहिलं. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मंडप घालणाऱ्यांनी, चहा करणाऱ्यांनी श्रम घेतले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. मी कडू बोललो, मानाच्या माणसांना भर सभेत प्रश्न विचारले, ते पोटात घालावं. ही विनंती खरं तर दोन्ही हात जोडून करायची असते. पण माझा एक हात वर आहे, आणि मागच्या दारातून ती काठ्यांची पोरं आत आली आहेत, तेव्हा तो खाली घेणं मला जमणार नाही. एका हाताचा नमस्कार गोड मानून घ्या.