घोड्याने अडवलेली पेनल्टी

(संध्याकाळ. शिवणयंत्र चालू आहे.)

नवरा: आधी ते नारिंगी कापड माझ्या खुर्चीवरून उचल.

बायको: तुम्ही स्टुलावर टेका. खुर्चीवर कापून ठेवलेली गाजरं आहेत.

नवरा: गाजरं?

बायको: कापडाची. चाळीस नग. रविवारी सामन्याला लोक हातात धरून नाचवणार आहेत म्हणे.

नवरा: म्हणजे त्या घोड्यापायी! आणि ती माझ्याच घरात शिवली जातायत?

बायको: घर तुमचं, मशीन माझं. पाय उचला, दोरा अडकलाय.

नवरा: अगं, सगळ्यांना वेड लागलंय. हा आमचा वार्ताहर भिंगरी क्रीडापानावर दोन मथळे लिहितो, गोलरक्षकाच्या जागी घोडा घालतो, घोड्याच्या जागी गोलरक्षक, आणि लोक त्याला शिव्या घालायच्या सोडून...

बायको: ‘पेनल्टी अडवून घोड्याने संघाला अंतिम फेरीत नेले.’

नवरा: पाठच केलंस?

बायको: आणि त्याखाली, ‘शर्यत जिंकल्यावर गोलरक्षकाला मालकाने भरवली गाजरे.’ अहो, कणकेच्या हाताने खालीच बसले मी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

नवरा: ऐकलं. दाढी करत होतो, गाल कापला माझा. बावीस वर्षं त्या पेपरात मुद्रितं तपासतोय. माझ्या एका तरी ओळीवर अशी हसलीस?

बायको: तुमच्या ओळींत चूक कुठे असते हसायला?

नवरा: हेच! हेच म्हणतोय मी. बावीस वर्षं चूक नाही, तर कुणाला माझं नाव माहीत नाही. ह्याची एक चूक झाली, तर तो गोलरक्षक दातांत गाजर धरून फोटो काढून घेतो, ह्याच्या खांद्यावर हात टाकून! आणि आज तर कडेलोट झाला.

बायको: आता काय झालं?

नवरा: रविवारचं विनोदी सदर. संपादकांनी भिंगरीला दिलं.

बायको: तुम्ही मागत होतात ते?

नवरा: अकरा वर्षं. नमुन्याचे सहा लेख दिले होते. म्हणाले, ‘छान आहेत, जपून ठेवा.’ मी तेव्हा समजलो की ते जपून ठेवणार आहेत. आणि हा कालचा माणूस! पायाला भिंगरी म्हणून नाव भिंगरी पडलं. मैदानावरून धावत येणार, घामेजल्या हातांनी मजकूर टाकणार, मथळे घाईत खरडणार. काना-मात्रा मी शिकवल्या त्याला. जळतो मी त्याच्यावर. झालं समाधान? अंगाचा तिळपापड होतो तो हसला की.

बायको: सकाळी आला होता तो.

नवरा: कोण?

बायको: भिंगरी. ही गाजरांची ऑर्डर त्यानेच आणली. अर्धा तास बसला. तुमच्याबद्दलच बोलत होता.

नवरा: माझी टिंगल करत असेल.

बायको: नाही हो. म्हणाला, संपादकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, दादांचा काही दोष नाही, त्यांनी अगदी बरोबर वाचलं होतं. दोन-तीनदा म्हणाला. ‘वहिनी, दादांनी अगदी बरोबर वाचलं होतं.’

नवरा: ...चहा आहे का?

बायको: ओट्यावर झाकून ठेवलाय. तुमच्याकडे अजून मथळे मोठ्याने वाचतात ना? म्हणजे तुम्ही कागद धरून वाचायचं, लिहिणाऱ्याने डोळे मिटून ऐकायचं, मग दोघांनी सही करायची?

नवरा: हो. डोळ्यांतून सुटतं ते कानाला पकडता येतं. पद्धत मीच पाडली.

बायको: मग ह्या वेळी काय वाचलंत?

नवरा: मथळा वाचला. दुसरं काय वाचणार?

बायको: मी सकाळपासून गाजरं शिवतेय आणि हाच विचार करतेय. कागदावर घोडा होता. तुम्ही बरोबर वाचलंत, म्हणजे तोंडाने गोलरक्षक म्हणालात?

नवरा: चहा गार झालाय.

बायको: होऊ दे. घोडा दिसला होता तुम्हाला?

नवरा: अगं, एवढ्या मोठ्या अक्षरातला घोडा कुणाला दिसणार नाही?

बायको: अहो!

नवरा: समोर बसला होता. डोळे मिटून. दिवसभर उन्हात धावून आलेला, मान एका बाजूला. विश्वासाने सही करायला पेन हातात धरलेलं. आणि मला वाटलं, एकदा पडू दे तोंडावर. एकदाच. लोक हसू देत त्याला. मी बिनचूक वाचून दाखवलं, जसं असायला हवं होतं तसं. त्याने डोळे न उघडता सही केली.

बायको: आणि लोक हसले.

नवरा: हसले! पण असे हसतील असं कुठे वाटलं होतं? मी खड्डा खणला आणि त्यातून ह्याला खजिना मिळाला. आता हे कुणाला सांगू?

बायको: त्याला सांगायची गरज नाही.

नवरा: म्हणजे?

बायको: ज्याने ऐकताना गोलरक्षक ऐकला आणि सकाळी पेपरात घोडा पाहिला, त्याला काय कळायचं राहिलंय?

नवरा: काही बोलला नाही तो. रोज तसाच हसतो माझ्याकडे बघून.

बायको: संपादकांनाही त्याने तेच सांगितलंय. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे तुमचं नशीब. आणि तो पडू नये म्हणून हा तिथे किती बोलला असेल, ते बघा.

नवरा: मला त्याने चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं. निदान रागावता तरी आलं असतं.

बायको: तो देठांचा हिरवा गठ्ठा द्या इकडे. चाळीस म्हणाला होता. दारातून परत फिरला आणि म्हणाला, वहिनी, एकेचाळीस करा. एक दादांना.

नवरा: मला?

बायको: रविवारी तुम्हाला मैदानावर घेऊन जायचंय त्याला. बावीस वर्षांत एकदाही सामना बघितला नाहीत म्हणे. खरं का?

नवरा: ...वेळ कुठे असतो. सामने कागदावर येतात, मी तपासतो.

बायको: उद्या मथळे वाचायला बसाल ना त्याच्यासमोर?

नवरा: बसावं लागेलच.

बायको: डोळे मिटेल तो?

नवरा: मिटेल. तो तसाच आहे.

बायको: मग काय वाचाल?

नवरा: जे लिहिलं असेल ते.