लाल काच की काळी

पासपोर्टच्या फोटोसाठी श्यामलाबाई कसबा पेठेतल्या फोटोच्या दुकानात बाकावर बसल्या होत्या. नंबर यायला अवकाश होता. काउंटरवर एक मुलगी आणि तिचे आजोबा उभे होते.

"काका, इन्फ्रारेडचा रोल आहे, ब्लॅक अँड व्हाइट. लाल फिल्टर घेऊ की हा काळा?"

"फोटो कशाचा?"

"चिंचेच्या झाडाचा. वाघोलीला आमच्या दारातच आहे. सोमवारी रस्त्यासाठी तोडणारेत."

"मग काळा घ्या. पानं कापसासारखी पांढरी येतात. लाल लावलात तर नुसती फिकट येतील."

"ह्या काळ्या काचंतनं तर कायबी दिसत न्हाय."

"आजोबा, आपल्याला नाही दिसत, रोलला दिसतं. आधी कॅमेरा झाडावर रोखायचा, मग फिल्टर चढवायचा. उलटं केलंत, तर शेजाऱ्यांच्या टाकीचा फोटो येईल."

"आणि वेळ किती द्यायचा?"

"दोन सेकंद. कॅमेरा स्टँडवर हवा."

"झाडाखाली हे आबा बसणारेत."

"मग त्यांनी दोन सेकंद हलायचं नाही."

मुलीनं वळून पाहिलं. आजोबांचा उजवा हात काउंटरवर मघापासून थरथरत होता.

"लालच द्या, काका. त्याला इतका वेळ लागत नाही ना?"

"काळीच द्या वो. पानं पांढरी व्हायला पायजेत."

"आबा, तुमचा हात पुसट येईल."

"येऊ दे की. वारं सुटलं तर पानं बी हलत्यालच. त्यास्नी कोन सांगनार हाय, गप बसा म्हून?"