कोरडी सुई

कोरडी! तुमाले सांगते, पार कोरडी सुई! चाळीस वर्सं झाले, ही जयवंता अमरावतीले देवीच्या देवळासमोर पोतं टाकून हार ओवून राहिली, माह्या हातातून जेवढ्या सुया गेल्या तेवढ्या त्या डॉक्टरनीनं सपनातबी पाह्यल्या नसतीन, अन् ती मले सुई टोचते... अन् औषध? थेंब नाई!

आता तुमी म्हनसान, मंग टोचून घेतली काहून? ऐका ना बाप्पा, तेच तर सांगून राहिली! पोळ्याच्या आदल्या दिवशी भातकुलीच्या आमच्या मळ्यातून झेंडूचं गाठोडं बसमंदी चढवाले उचललं, अन् पाठीत अशी कळ निघाली का गाठोडं तिकडे, मी इकडे! वरून कंडक्टर म्हनते, "आजी, चढता का आता? का फुलं वेचत बसता?" मोठ्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरला, अन् कसा बोलला... "आजी, हाडं ठिसूळ झाली तुमची. आतून पोकळ." पोकळ! काहून जी, मी का बांबू हाव? गोळ्या देल्या, त्या घेते मी, एकबी चुकवली नाई. पन दुखनं? ते तसंच! खाली बसलं का उठता येत नाई, उठलं का बसता येत नाई. अन् हार का उभ्यानं ओवता येते?

मंग घरात सुरू झालं. माही सून दामिनी, आमच्याकडे सासूले मामीच म्हनतात, बोलाले लय गोड... "मामी, तुमी आता आराम करा, पोतं मी सांभाळते." आराम! तुमाले मालूम हाय का, बाजारात पोतं म्हंजे काय असते? एकडाव उठलं का गेली जागा! लोकं देवीले नारळ घेतात अन् म्हनतात, "हार जयवंताबाईच्या पोत्यावरून आन." उद्या म्हनतीन, दामिनीच्या पोत्यावरून आन! चाळीस दसरे त्या पोत्यावर काढले, अन् एक्केचाळिसावा खाटेवर पडून टीव्हीत पाहू? मले रडू आलं, खोटं काहून सांगू.

तर अकोल्याहून माह्या लेकीचा, रागिणीचा फोन. "माय, अथी अकोल्यात एक डॉक्टर हाय, सुईनं दुखनं थांबवते." सुईनं! मी तर खूश! आमच्याकडे नुसती गोळी देते तो का डॉक्टर असते? सुई देते तो डॉक्टर! म्हतलं, असीन काई तरी जबरदस्त औषध. निघाली अकोल्याले, लेकीकडे महिनाभर मुक्काम ठोकला.

डॉक्टरीन म्हंजे पोरगीच, पौर्णिमा मॅडम, पुन्याकडची भाषा. "कुशीवर झोपा हं आजी... अंग सैल सोडा..." मी दंड पुढे केला. सुई देते तर दंडात देते, नाई तर... कुठं ते तुमाले मालूम हाय! तर हिनं केसावानी बारीक सुई काढली अन् टोचली मनगटापाशी! मी म्हतलं, "बाई, पाठ दुखते, हात नाई." "कळतंय हो आजी." कळते तर तिकडे टोचते काहून? मंग घोट्याले, गुडघ्यामागं, मंग कुठं पाठीत. ना नळी, ना बाटली! मी म्हतलं, "मॅडम, औषध भराचं राह्यलं तुमचं." तर हसते! "यात औषध नसतंच आजी." आँ? नसतंच? सुईले दोरा नाई, सुईत औषध नाई, मंग हाय काय त्याच्यात? उद्या मी गिऱ्हाईकाच्या हातात नुसता दोरा ठेवीन अन् म्हनीन, घ्या हार, फुलं नसतातच याच्यात! चालीन का?

अन् वरून काय म्हनते... "यानं हाड मजबूत होणार नाही हं आजी, फक्त दुखणं कमी होईल. गोळ्या चालूच ठेवायच्या." म्हंजे घर गळते ते गळतेच, तुमी फक्त टपटप ऐकू येऊ देनार नाई! वा रे वा! अन् औषध? थेंब नाई!

पन खरा तमाशा झाला सुया काढतानी. आमच्या धंद्यात रीत हाय, संध्याकाळी पोतं झटकाच्या आंधी सुया मोजाच्या. एखादी हारात राह्यली का नवरदेव मांडवात बोंबलला म्हनून समजा! तर मी सवयीनं मोजल्या. टोचल्या चवदा... काढल्या तेरा! म्हतलं, "मॅडम, एक राह्यली." "नाही हो आजी, झाल्या सगळ्या." "चवदा गेल्या, तेरा निघाल्या!" "आजी, तुमचा गैरसमज..." गैरसमज? माहा? सुईच्या बाबतीत? म्हतलं, मी इथून उठतच नाई! चादर झटकली, उशी झटकली, खाटेखाली बॅटरी मारली. रागिणी कानात म्हनते, "माय, चूप बस ना वो, लोकं पाहून राहिले." पाहू दे! शेवटी मॅडमनं माह्या डोक्यावरच्या केसात हात घातला... अन् तिथं टाळूवर उभी होती ना बाई! चवदावी! मॅडमचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून दरवेळी मलेच इचारे, "आजी, किती झाल्या?" म्हंजे टोचूनबी मीच घ्याचं, मोजूनबी मीच द्याचं, अन् औषध? थेंब नाई!

दहा डाव गेली. अन् आता खरा राग कशाचा आला ते सांगू? कमी झालं ना दुखनं! हो! दसऱ्याले सकाळी पोत्यावर बसली ते दुपारलोक हार ओवत होती, एकडावबी कळ आली नाई. दामिनी नुसती फुलं पुरवत होती अन् माह्याकडे पाहत होती. डोळ्यात पानी आलं माह्या. पन कायनं बरी झाली मी? कायनंच नाई! असं कुठं असते का?

आता माह्या पोत्याले पोतं लावून तीस वर्सापासून शकुन बसते, गजरेवाली. तिचेबी हाडं असेच ठिसूळ निघाले. बसल्या जागी कण्हत राहे. तिनं इचारलं, "काय केलं वो जयवंता?" म्हतलं, "अकोल्याले सुई घेतली." "कोनतं औषध होतं?" आता काय सांगू मी? कोरडी होती सांगतलं तर साऱ्या बाजारात म्हनीन, जयवंताले येडी बनवलं! निघून गेलं तोंडातून... "लाल. लाल रंगाचं. लय भारी औषध."

तर गेली ना शकुन अकोल्याले! एकडाव नाई, पाच डाव! आज देईन लाल, उद्या देईन लाल... काल आली ते आल्या आल्या सुरू, "तुले लाल औषध, अन् मले कोरडी? तुह्या पोरीनं वशिला लावला!" अन् उचललं पोतं, उचलली फुलाची टोपली, अन् खांबाच्या पलीकडे नेऊन टाकलं. एका दमात! ना कण्हली, ना कमरेवर हात ठेवला! मी इकडून ओरडून राहिली, "अवं शकुन, पाठ पाह्य तुही! पाठ!" ऐकते कोन?

आता पाठ माहीबी बरी, तिचीबी बरी, अन् बोलनं बंद. दामिनी म्हनते, "मामी, जा ना, काढा समजूत." कशी काढू? जाऊन खरं सांगाव तर इज्जत जाते, अन् खोटं निभवाव तर लाल औषध आनाव लागते... अन् माह्यापाशी औषध? थेंब नाई!