रोज वडिलांबरोबर

"'खोटं सांगितलं तरी गुण कापत नाहीत, थांबलं की कापतात,' असं क्लासचे सर बजावायचे, बाबा."

इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेला आलेली नर्स माझ्या शेजारी बसून सोबत आलेल्या वडिलांशी बोलत होती.

"मग थांबू नकोस."

"मागच्या खेपेला तिथंच अडले ना! 'फिरायला जाता का, कोणाबरोबर?' असं विचारलं. 'रोज वडिलांबरोबर' एवढं पाठ होतं, आणि तोंडच उघडेना."

"एकटी जाते म्हण."

"एकटीचं पुढं काय सांगू? तुमच्याबरोबरचं सगळं येतं मला. वाटेत कोण भेटायचं, तुम्ही कोणाशी भांडायचात..."

"मी कुठं भांडलो?"

"गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपणहून उंबऱ्याबाहेर पाय टाकलाय का तुम्ही? डॉक्टर कानीकपाळी ओरडतायत."

"दुखतं गं."

"आज नापास झाले तर परदेशातली नोकरी गेली. पास झाले, तर तुम्हाला असं खुर्चीत सोडून जायचं."

आतून तिला हाक आली.

"जा. रोज जातो म्हणून बिनधास्त सांग. आजपासून खोटं नाही ते."

"शब्द देताय?"

"आधी आत जा."

दार लागलं. वडील माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उठले, आणि भिंतीच्या आधारानं कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले.