कंपन्यायचा समझोता आन् माही दोन पोरं

चहा घ्या, मंग सांगते. मलकापुरात एक होती म्हातारी, तिले दोन पोरं. म्हातारी म्हंजे मीच. थोरला सिद्धार्थ, धाकला मिलिंद. दोघायची मोबाईलची दुकानं शेजारी शेजारी, पन फोनच्या कंपन्या येगळ्या.

थोरल्याच्या कंपनीनं धाकल्याच्या कंपनीवर केस टाकली, का आमची युक्ती चोरून तुमी फोन बनोला. कोर्टानं धाकल्याच्या कंपनीचे नवे फोनच थांबोले. जेवता जेवता थोरला हासून म्हने, "चोराचा माल इकत होता काय बे?"

मिलिंद भरल्या ताटावरून उठला. पुढच्या आठवड्यात त्यानं भाड्याची खोली पाह्यली. ऑटोत सामान भरून राह्यला होता, तं थोरला फोन पाहत बाहेर आला.

"थांब बे मिल्या. कंपन्यायचा समझोता झाला."

"म्हंजे काय झालं?" मी इचारलं.

"आता ते आमची युक्ती वापरतीन, आमी त्यायची. फी देऊन. केस वापस."

"मंग याचा माल आता चोराचा नाही?"

थोरला खाली पाहत म्हने, "नाही माय."

"आन् समझोत्याले बसताना त्यायनं तुमा दोघायले बलावलं होतं काय?"

ऑटोवालाच पह्यले हासला. थोरल्यानं सोताच्या हातानं गादी खाली उतरोली आन् म्हने, "चाल मिल्या, जेवून घे."

आता दुकानायच्या मधातली भिंत पाडली. एकाच काउंटरवर दोन्ही कंपन्यायचे फोन हायेत. आमचा चहा जसा एका गंजात, एकाच पातेल्यात उकळते, तसा तुमच्याही घरी उकळो.