बिनवासाचं मलम

(शिंप्याच्या दुकानामागची खोली. बापलेक नुकतेच त्वचारोगाच्या दवाखान्यातून परतले आहेत.)

लेक : सदरा जरा वरच राहू द्या, बाबा. मला नीट बघू द्या.

बाबा : पाठ आहे ती, नकाशा नाही.

लेक : चाचणीच्या एवढ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, बाकी कशाचा मागमूस नाही. हा एवढाच चौकोन लालभडक.

बाबा : तो कशाचा?

लेक : सुगंधाचा. अत्तरं, वासाची तेलं, असल्यांचा.

बाबा : मी काय नवरदेव आहे अत्तर लावायला? मला सोरायसिस आहे.

लेक : तो आहेच. त्याच्यावर ही अ‍ॅलर्जी येऊन बसलीये. दिसायला दोन्ही सारखी, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती वस्तू बंद केली तर तळहात इतके चिरणार नाहीत. कात्री धरता येईल.

बाबा : मग करू की बंद. फळीवर कापड पडून आहे. हात लावला की रक्ताचा डाग. कोणती वस्तू?

लेक : सांगते. आधी बसा.

बाबा : बसलोय. बोल.

लेक : आईचा डबा.

बाबा : त्यात डॉक्टरांनी दिलेलंच मलम आहे.

लेक : मलम त्यांचं. गुलाबाचं तेल आईचं.

बाबा : डांबराचा वास यायचा त्या मलमाला. गळ्याचं माप घ्यायला गेलो की गिऱ्हाईक मान फिरवायचं. एका बाईनं तर विचारलं, रस्त्याचं काम निघालंय का इथे? तुझी आई आत काजं करत होती. तिनं ऐकलं. त्याच संध्याकाळी तेल घोटून ठेवलं. तिला नावं ठेवायची नाहीत.

लेक : नाही ठेवत. तिला कळलं असतं तर तिनंच डबा भिरकावला असता. झोंबायचं ना तुम्हाला?

बाबा : झोंबायचं.

लेक : आणि तुम्ही तोंडातून अक्षर काढलं नाहीत.

बाबा : दिवसभर ती आत, मी मशीनवर. मलम लावायला तेवढी समोर बसायची. झोंबतं म्हटलं असतं, तर उठून गेली असती.

लेक : वाढतंय म्हणजे कमी पडतंय, असं वाटायचं तिला. आणखी चोपडायची.

बाबा : अन् मी हात पुढे करायचो. दोघंही शहाणे.

लेक : आता तर ती नाही, बाबा. तरी लावताच.

बाबा : वास राहतो हाताला.

(लेक डबा उचलते.)

बाबा : डबा फेकू नकोस.

लेक : नाही फेकत. माझ्या घरी नेते.

बाबा : झाकण घट्ट लाव.

लेक : लावलंय. द्या हात. हे साधं आहे, बिनवासाचं. झोंबतंय?

बाबा : नाही.

लेक : खरं सांगा.

बाबा : खरंच नाही. काहीच वाटत नाही.

लेक : दुसरा हात.

बाबा : तो डबा अधूनमधून उघडत जा.

लेक : कशाला?

बाबा : वास आहे का अजून, तेवढं मला फोनवर सांगत जा.