दाराशी बसलेल्या आवडाबाई

या, पुढं सरका. अहो, खांबाला टेकलेले आजोबा, तुम्हीसुद्धा या! आजचं आख्यान मोठ्या आवाजात सांगण्यासारखं नाही. शेजारच्याच्या खांद्याला खांदा लागेल असे बसा, मागाहून बरं वाटेल. पेटीवाले बुवा, सूर धरून ठेवा, पण बारीक. हं, अस्सं. अशी गोष्ट सांगतो की घरी जाताना प्रत्येक दाराशी पाय अडखळेल!

पण आधी एक विचारू? मंडळी, दुकानातली चोरी थांबते कशानं?

कुलपानं म्हणाल, तर दिवसा दुकानाला कुलूप लावून धंदा होत नाही. राखणदार ठेवाल, तर जेवण झालं की त्याला डुलकी लागते. मग धाकानं? पुढं बसलेले भांड्यांचे व्यापारी बघा कसे मान डोलावतायत! 'धाकानंच, महाराज!' बरं बाबा. आता ऐका.

धामणखेड म्हणून एक बाजाराचं गाव. तिथं पेठेत पोरे घराण्याचं कापडदुकान. जुनं, गादीचं! चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, आणि शेठनं एकामागून एक साड्या समोर उलगडायच्या. ढीग छातीला लागला की बाई म्हणणार, "तो अगदी पहिला रंग पुन्हा दाखवा बघू!" हसू नका, तुमच्याच घरचं सांगतोय.

दुकानाचे मालक नरहरशेठ. त्यांच्या मातोश्री आवडाबाई. म्हातारी दिवसभर दाराशी आतल्या अंगाला पाटावर बसायची. नऊवारी लुगडं, नाकावर चष्मा, मांडीवर कुंकवाचा करंडा. बाहेर निघालेल्या बाईला थांबवायची, कुंकू लावायची, चार शब्द बोलायची. सारी हयात एवढंच काम! आणि त्या साऱ्या हयातीत दुकानातनं एक चिंधी गेली नाही.

आवडाबाई देवाघरी गेल्या. पाट उचलला. आणि माल जायला लागला!

आधी खण. चोळीचा खण तो, मुठीत मावतो. मग टॉवेल. मग चांगल्या काठाच्या साड्या! शेठनं कॅमेरे बसवले. कोपऱ्यात फुगीर आरसा टांगला, त्यात गिऱ्हाईक भोपळ्यासारखं दिसायचं. दाराशी 'सुस्वागतम्' होतं ते काढून तिथं पाटी लावली: चोरी करताना सापडल्यास पेठेतून धिंड काढण्यात येईल.

त्यांच्या मंडळी कुमुदवहिनी म्हणाल्या, "अहो, आलेल्या माणसाच्या तोंडावर पहिली हीच पाटी?"

"स्वागत करूनच वाट लागली! असंच चाललं तर दुकान मोडावं लागेल, कळलं?"

मंडळी, पुढच्याच आठवड्यात काय चोरीला गेलं असेल? — पाटी!

तेव्हा शेठचं डोकं फिरलं. कोल्हापूरला गेले आणि एक बाहुली घेऊन आले. काचेत साड्या नेसवून उभ्या करतात ना, तसली. पण ही बसलेली! चंदनी रंग, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, हात मांडीवर. म्हणाले, "हिला आईचं लुगडं नेसवा. आईचा चष्मा लावा. दाराशी बसवा."

"अहो, ती आईंची जागा आहे."

"म्हणूनच तर! गाव आईला भ्यायचं."

"भ्यायचं?" वहिनींनी एवढंच विचारलं आणि लुगडं आणायला आत गेल्या.

आता इथं कान द्या. वहिनींचे हात कसले? दर भाद्रपदात गौरी नेसवणारे! निऱ्या घातल्या, पदर खांद्यावरून आणला, आणि हात आपले थांबेचनात. हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ-नारळ-खणानं ओटी भरली. आणि तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "या आई. बसा."

माय-भगिनींनो, तुम्हाला कळलं, नाही का? पुरुषांना अजून कळलेलं नाही! अहो, गौरीला बोलावतो तर जेवू घालतो की नाही? दहीभाताची शिदोरी देऊन बोळवण करतो की नाही? इथं आवाहन झालं. नैवेद्य नाही! बोळवण नाही! शेठनं लख्ख दिवा लावला आणि दुकान उघडलं.

बुवा, सूर आणखी खाली घ्या.

पहिल्याच दिवशी गावातल्या एका बड्या वकिलांच्या पत्नी आल्या. हातात पाटल्या, गळ्यात चपलाहार! बरंच उलगडायला लावलं, "पसंत नाही" म्हणाल्या आणि निघाल्या. दाराबाहेर चार पावलं गेल्या असतील, समोरच्या फुलवालीनं विचारलं, "बाईसाहेब, कुंकू किती ओलं हो तुमचं? नाकावर उतरलंय!"

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या तर टिकली लावून आलेल्या! बोट बघितलं — लाल. मागं वळून बघितलं. दाराशी बाहुली बसलेली. तिच्या उजव्या हाताचं बोट — लाल!

बाई तशाच परत आल्या. पिशवीतनं एक इरकली साडी काढली, गादीवर ठेवली, आणि चप्पल न घालता घरी गेल्या.

शेठला आनंद मावेना! मग दोन कॉलेजच्या पोरी. ओढणीत गुंडाळलेलं कापड दारातच टाकून रडत पळाल्या. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. कपाळाला कुंकू आणि पाठोपाठ माल परत! शेठ पेठभर सांगत सुटले, "आमच्या आईनं चोर ओळखायचं यंत्र धाडलंय वरनं!"

आता कुणी म्हणेल, महाराज, चोरी थांबली, आख्यान आटपा. पण ऐका तर खरं.

सकाळी दुकान उघडावं, तर बाहुलीच्या निऱ्या विसकटलेल्या. कुणी तरी उठून येरझारा घातल्यासारख्या! करंड्यातलं कुंकू कमी कमी व्हायचं. आणि चष्मा? चष्म्याच्या काचांवर आतल्या बाजूनं वाफ. वहिनी पुसायच्या, परत वाफ! मंडळी, फायबरची बाहुली... श्वास कुणाचा?

शेठनं एकदा कॅमेऱ्यातली चित्रं लावून बघितली. बाई दाराशी येते. समोर कुणी नाही. बाहुली आपल्या जागी, हात मांडीवर. तरी बाई थांबते. मान जराशी खाली करते — कुंकू लावून घेताना करतो ना आपण, तश्शी! क्षणभर उभी राहते. मग चालायला लागते. आणि चालताना कपाळाला कुंकू! तिला काहीच कळलेलं नाही!

शेठनं टीव्ही बंद केला. पण म्हणाले काय? "काम होतंय ना? झालं तर!"

काम होत होतं. माल जात नव्हता, आणि गिऱ्हाईकही येत नव्हतं. बायका पलीकडच्या फुटपाथवरून जायच्या, पदर कपाळावर ओढून!

आणि मग एका बाजाराच्या दुपारी सरूबाई आल्या.

सरूबाई चार घरी स्वयंपाक करायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कपाळ मोकळं. एकुलती लेक सासरहून आलेली, सातवा महिना सरत आलेला. दुसऱ्या दिवशी तिची ओटी भरायची होती. हिरवा खण हवा. पोरीची सासू येणार, चार बायका बघणार. खण नसला तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार! पैसे? ते नव्हतेच.

गादीच्या कडेला बसल्या. "काय दाखवू?" कुणी विचारलं नाही. शेठनं एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मान फिरवली. पुढ्यात खणांचा ढीग. वरचाच हिरवा, केशरी काठाचा. सरूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. मग घडी मुठीत घेतली. मग मूठ पदराखाली गेली.

गेली! मंडळी, देवाच्या दारात बसून खोटं कशाला सांगू?

पण मग लेक आठवली. घरात पोटुशी लेक. तिच्या ओटीत हे घालायचं? सरूबाईंनी खण बाहेर काढला. मांडीवर ठेवून घडी नीट केली. होता तिथं ठेवला. कुणी घेताना बघितलं नाही, कुणी ठेवतानाही बघितलं नाही. उठल्या. दाराशी आल्या. थांबल्या. मान जराशी खाली केली...

आणि शेठ ओरडले, "सापडली!"

बाजारचा दिवस! माणसं धावली. सरूबाईंच्या मोकळ्या कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू! त्यांनी हात लावला, बोटं बघितली आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"शेठ, मी काही घेतलं नाही हो!"

"मग हे काय आहे? हे कुंकू खोटं बोलतंय? झाडा पदर!"

"शेठ, पोरीला आठवा लागायचाय. तिच्या कानावर जाईल. मला गावात तोंड—"

"झाडा म्हणतो ना!"

बाईनं उभं राहून पदर झाडला. घराची किल्ली खाली पडली. बस्स. दुसरं काही नाही!

शेठ किल्लीकडं बघतायत, कपाळाकडं बघतायत. "पण कुंकू कसं आलं मग? चोराच्याच कपाळी येतं ना ते?"

तेव्हा आतनं कुमुदवहिनी बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "अहो, काय करून बसलो आपण! घेणाऱ्या बायकांना आई कधी कुंकू लावायच्या? त्यांना तर मी आत गादीवरच लावायचे. आई दाराशी बसायच्या त्या काही न घेता निघालेल्यांसाठी!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? थांबवायच्या. विचारायच्या, 'का गं, पसंत पडलं नाही की परवडलं नाही?' परवडलं नाही म्हटलं तर ताग्यातला उरलेला तुकडा हातावर ठेवायच्या. 'रिकामी जाऊ नकोस बाई, मला झोप लागायची नाही.' लोक म्हणायचे, अहो, ही बाई विधवा, हिला कुंकू लावता? आई म्हणायच्या, मी तरी कोण आहे, विधवाच ना? करंडा भरलेला आहे ना, मग झालं!"

कळलं का, मंडळी? चोरसुद्धा न घेताच निघाल्यासारखा निघतो! आणि नुसतं बघून निघालेल्या? त्यांनाही लागलं असणार, पण चोर म्हणतील म्हणून पुसून गुपचूप गेल्या असतील! म्हातारीनं चोर ओळखला नव्हता. ती आपलं नेहमीचं काम करत होती. दुकानात ज्या बाईची कुणी विचारपूस केली नाही, तिची करत होती!

दाराशी आली माऊली,
रिते हात, मान खाली,
तिला कुणी विचारिली
तहान-भूक?

शेठ बाहुलीपुढं आले. गुडघे टेकले. मांडीवरचा तिचा हात हातात घेतला. बुवा, सूर बंद करा. बंद! मंडळी, तो हात कोमट होता. उन्हातनं चालत आलेल्या माणसाच्या हातासारखा.

त्याच दुपारी वहिनींनी दहीभात कालवला. बाहुलीपुढं पान वाढलं. म्हणाल्या, "आई, चुकलं. बोलावलं आणि उपाशी ठेवलं. जेवा, आणि आता सुखानं जा. इथलं आम्ही बघतो." काचांवरची वाफ कडेकडेनं आटत गेली. मग हात बघितला, तर नुसतं गार फायबर.

सरूबाईंची ओटी वहिनींनी गादीवर बसवून भरली, आणि लेकीसाठी खण वेगळा दिला. शेठ चार माणसांदेखत त्यांच्या पायाशी वाकले. आणि दाराशी पाट मांडून स्वतः बसायला लागले! जमेना हो बिचाऱ्याला. पहिल्या दिवशी न घेता निघालेल्या बाईला म्हणाले, "काय... बरं आहे ना? म्हशी किती?" बाई शाळेत मुख्याध्यापिका होती! पण हळूहळू जमलं. गिऱ्हाईक परत आलं. चोरी? खोटं बोलणार नाही, अजून एखादा रुमाल जातो. पण साडी गेलेली कुणी ऐकलेली नाही.

आता तुम्ही. दुकानदारांनाच बघून काय हसताय? तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला, तुमच्या लग्नाच्या मांडवात दाराशी कोण बसतं? आलेल्यावर नजर तर आपण सगळेच ठेवतो. कॅमेरा फुकट दमतो! विचारपूस कोण करतं?

म्हणून एक मागणं आहे. आज घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा एका बाईची आठवण काढा. आवडाबाईंची नको, त्या पोचल्या. सरूबाईंचीही नको. तुमच्याच दारात कधीतरी एक बाई आली होती. कशाला तरी हात लावला, घडी नीट करून होती तिथं ठेवली, आणि तुम्ही दुसऱ्याशी बोलत असताना निघून गेली. तोंड आठवत नसेल. नाव तर तुम्ही विचारलंच नव्हतं.

तिला आठवा.